दुखणाऱ्या हाताने मैफल करावी का?

वाचकाचे पत्र : मी २९ वर्षांची पियानोवादक आहे. लहानपणापासून शिकले, गेली सात वर्षे कार्यक्रम करते, शिकवते आणि गायकांना साथही करते. सहा आठवड्यांनी माझी एकल मैफल आहे. तिच्यासाठी ऑक्टेव्हचे (खालचा आणि वरचा ‘सा’ एकाच हाताने एकदम वाजवावा तशा जोडस्वरांचे) लांबलचक भाग असलेली एक मोठी रचना नव्याने बसवायला घेतली आणि रोजचा तीन तासांचा सराव सहा-सात तासांवर नेला. तीन आठवड्यांपासून उजव्या हाताला कोपराखाली जळजळल्यासारखे दुखते आणि सकाळी उठते तेव्हा करंगळी व अनामिका बधिर असतात. वाजवायला बसले की पंधरा-वीस मिनिटांत दुखणे कमी झाल्यासारखे वाटते, पण रात्री ते दुप्पट होते. सध्या वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू आहे. माझ्या गुरूंचे म्हणणे असे की प्रत्येक मोठ्या वादकाने हे सोसले आहे आणि हात तयार होईपर्यंत दुखणारच. मैफल रद्द केली तर पुन्हा बोलावणे येणार नाही अशी भीती वाटते. मी वाजवावे की थांबावे? की माझे शरीरच या कामाला कमी पडते आहे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी संपूर्ण पत्र वाचण्याची वाट पाहू नये असे मला वाटते. गोळी घेऊन वाजवणे आजपासून थांबवा. या आठवड्यातच डॉक्टरांना हात दाखवा. ती ऑक्टेव्हची रचना या मैफलीतून काढून टाका आणि तसे आयोजकांना आताच कळवा. मैफल मात्र आज रद्द करू नका. तिचा निर्णय तपासणीनंतर आणि दोन-तीन आठवड्यांचा अनुभव पाहून घेता येईल. तुमचे शरीर या कामाला कमी पडते आहे, असे तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून मला वाटले नाही. नवी आणि जड रचना हाती घेतली त्याच दिवसांत सरावाचे तासही दुपटीने वाढवले, तर कोणाचाही हात तक्रार करील.

तुमच्या पत्रात दुखण्यापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटली ती बधिरता. मी डॉक्टर नाही, अनेक वर्षे पियानो वाजवणारा आणि शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे मी निदान करणार नाही. पण करंगळी आणि अनामिका या दोन बोटांना संवेदना पोहोचवणारी नस कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. कोपर कुठे आपटले की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती याच नसेची असते. कोपर बराच वेळ वाकवून ठेवले की ही नस ताणली आणि दाबली जाते, आणि आपल्यापैकी अनेकजण हात दुमडून, तळवा उशीखाली घालून झोपतात. सकाळी उठताना ही दोनच बोटे बधिर असणे या चित्राशी जुळते. मानेतूनही अशीच लक्षणे येऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांनीच पाहायला हवे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते, तर गोष्ट मनगटातल्या दुसऱ्या नसेची असण्याचा संभव होता. तेव्हा डॉक्टरांसमोर ‘हात दुखतो’ एवढेच सांगू नका. कोणते बोट, त्याची कोणती बाजू, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती मिनिटे वाजवल्यानंतर, हे चार-पाच दिवस वहीत टिपून ती वही बरोबर न्या.

शक्य झाल्यास हाताच्या विकारांचा अनुभव असलेले अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या जोडीला फिजिओथेरपिस्ट गाठा. तुम्ही पियानोवर बसलेल्या असतानाचा, बाजूने आणि वरून घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ त्यांना दाखवा, कारण तपासणीच्या टेबलावर निर्जीवपणे ठेवलेला हात आणि वाजवणारा हात यांत फार फरक असतो. नसेची वहनचाचणी, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का हे पाहणारी चाचणी, करावी लागेल का, हे त्यांना स्वतःहून विचारा. हातात वस्तू धरताना जोर कमी वाटला, बोटे एकमेकांपासून फाकवताना करंगळी ढिली पडली, किंवा बधिरता दिवसभर राहू लागली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच जा. नसेवर दीर्घकाळ दाब राहिला तर स्नायूंची ताकद जाऊ शकते आणि ती परत येणे अवघड असते. दुकानातून पट्टा आणून मनगट बांधून वाजवणे, किंवा मैफलीपुरते इंजेक्शन घेऊन वेळ मारून नेणे, हे मात्र कृपा करून करू नका. दुखणे जिथे ‘थांब’ म्हणते, त्या जागी पोहोचल्याचे कळणारच नाही अशी व्यवस्था त्यातून होते. तुमची गोळीही तेच करते आहे. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांनंतर वाटणारा आराम हा बरे होण्याचा पुरावा समजू नका; ऊब आल्यावर आणि वाजवण्यात मन गुंतल्यावर दुखणे मागे पडते, आणि झालेल्या कामाचा खरा हिशेब हात रात्री मांडतो. म्हणून यापुढे दुखणे वाजवताना मोजू नका, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा.

आता तुमच्या गुरूंच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांच्याबद्दलचा तुमचा आदर पत्रातून दिसतो आणि तो तसाच राहावा असे मला वाटते. मोठ्या वादकांनी सोसले, हे त्यांचे वाक्य खरे आहे. पण त्या सोसण्याने त्यांचे काय झाले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्या उजव्या हाताचे मधले बोट १८३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निकामी होत गेले आणि वादक होण्याचे त्यांचे स्वप्न तिथे संपले. बोटे तयार करण्यासाठी त्यांनी एक यांत्रिक साधन वापरले होते. नुकसान त्यानेच झाले की आणखी कशाने, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, परंतु बोटाला जबरदस्तीने वळण लावण्याच्या त्या काळच्या हौसेची ती खूण आहे. त्यांच्या पत्नी क्लारा शूमान या त्या शतकातल्या श्रेष्ठ वादकांपैकी एक. त्यांनाही १८७० च्या दशकात हाताच्या दुखण्यामुळे वर्षाहून अधिक काळ मैफली थांबवाव्या लागल्या. त्या थांबल्या, आणि नंतर अनेक वर्षे वाजवत राहिल्या. तुमच्या गुरूंशी बोलताना क्लारांचे हे थांबणे जरूर सांगा.

विसाव्या शतकातली अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची कथा माझ्या मनाला फार लागलेली आहे. १९६४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळू लागली. बोटे ऐकत नाहीत असे जाणवताच त्यांनी सराव कमी करण्याऐवजी वाढवला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे ते मुख्यतः डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, ऑर्केस्ट्राचे संचालन करत राहिले, शिकवत राहिले. १९९० च्या दशकात स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स या औषधाची इंजेक्शने आणि शरीराला मोकळे करणारे उपचार यांमुळे ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू शकले. दुसरे अमेरिकन पियानोवादक गॅरी ग्रॅफमन यांचा उजवा हातही १९७९ च्या सुमारास असाच हातचा गेला. या दोघांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या दुखण्याबद्दल उघड बोलण्याचे धैर्य दाखवले. तोपर्यंत हा विषय कलाकारांमध्ये लपवण्याचा होता, कारण दुखणे कळले की काम जाते ही भीती त्यांनाही होती. त्यांच्या बोलण्यामुळे कलाकारांच्या विकारांकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले, आणि १९८६ पासून याच विषयाला वाहिलेले एक स्वतंत्र वैद्यकीय नियतकालिकही निघू लागले.

फ्लायशर यांचा विकार तुमच्यापेक्षा वेगळा होता, हे स्पष्ट करतो, नाहीतर माझे हे पत्र वाचून तुम्ही उगाच घाबराल. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्यात बहुतेक वेळा दुखत नाही. एखादे बोट फक्त वाजवतानाच आत वळते किंवा ताठ होते, इतर कामे मात्र तोच हात नीट करतो, कारण बिघाड स्नायूत नसून मेंदूने त्या हालचालीचा जो नकाशा बनवला आहे त्यात असतो. तुमच्याकडे दुखणे आहे आणि ते सांगते आहे की अजून थांबायला वेळ आहे. न दुखता बोट ऐकेनासे झाले, तर मात्र जास्त सरावाने ते ऐकायला लावण्याचा प्रयत्न एक दिवसही करू नका, एवढे लक्षात ठेवा.

हात मुळात का दुखतो, हे समजले की पुढचे सगळे सोपे होते. म्हणून इथे थोडे थांबतो. आपल्या बोटांत बोट वाकवणारे स्नायू जवळजवळ नाहीतच. ते काम करणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून लांब दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत येतात. मनगटाच्या तळव्याकडच्या अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक नस एकत्र जातात. म्हणूनच तुम्ही करंगळी आपटता आणि दुखते कोपराखाली. अनामिकेची उचलणारी कंडरा मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या कंडरांशी तळहाताच्या मागच्या बाजूला आडव्या दुव्यांनी जोडलेली असते. तिला बाकीची बोटे दाबून ठेवून एकटीलाच उंच उचलायला लावणारे व्यायाम माझ्या लहानपणी मलाही दिले गेले होते, आणि त्यांनी ती ‘स्वतंत्र’ होत नाही. ती तशी घडलेलीच नाही. तुमच्या सरावात असे काही असेल तर ते कायमचे सोडून द्या.

आता पियानोकडे पाहा. आधुनिक पियानोची पट्टी सुमारे दहा मिलिमीटर खाली जाते आणि ती हलवायला साधारण पन्नास ग्रॅम वजन पुरते. जोरात वाजवायचे तर ती वेगाने हलवावी लागते, आणि तिथे खरी ताकद लागते, हे मान्य. परंतु पट्टी तळाला टेकण्याच्या किंचित आधीच हातोडी यंत्रणेपासून सुटते आणि उरलेला प्रवास स्वतःच्या वेगाने करून तारेवर आदळते. त्या क्षणानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबून धरली तरी त्या स्वराचा आवाज वाढत नाही. फक्त तो धरून राहतो, आणि धरून राहण्यासाठी हाताचे थोडेसे वजन पुरेसे असते. ज्यांचे हात दुखतात अशा माझ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाजवण्यात मला हीच गोष्ट सापडली आहे. स्वर वाजून गेल्यावरही बोट तळाशी दाब देत राहते. त्याशिवाय वाकवणारे आणि उचलणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, हात एखाद्या बंद मुठीसारखा ताठ होतो, आणि पुढचा स्वर त्या ताठरपणाविरुद्ध वाजवावा लागतो. हजारो स्वरांच्या रचनेत ही वाया गेलेली मेहनत किती साठत असेल, याचा विचार करा.

ऑक्टेव्हमध्ये हे आणखी वाढते. पियानोवर ऑक्टेव्हचे अंतर, एका पट्टीच्या कडेपासून आठव्या पट्टीच्या अलीकडच्या कडेपर्यंत मोजले, तर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. ज्यांचा पंजा मोठा आहे त्यांना ते सहज गाठता येते आणि दोन स्वरांच्या मध्ये हात सैल सोडता येतो. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांना अंगठा आणि करंगळी सतत ताणून, मनगट करंगळीच्या दिशेला तिरके करून तो आकार टिकवावा लागतो आणि सैल सोडायला जागाच उरत नाही. हे तुमच्या तयारीचे अपयश नाही, ते मापाचे गणित आहे. प्रख्यात वादक योसेफ हॉफमन यांचा पंजा लहान होता आणि त्यांच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले गेले होते. आजही ऑक्टेव्हचे अंतर सुमारे पंधरा आणि चौदा सेंटिमीटर असलेल्या पट्ट्या बनवल्या जातात, पण मैफलीच्या ठिकाणी त्या क्वचितच भेटतात. तेव्हा तुमचा पंजा लहान असेल, तर पुढे कधी ही रचना वाजवताना मधले स्वर गाळणे, स्वर दुसऱ्या हाताकडे देणे, कॉर्डचे (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) स्वर एकामागून एक उलगडून वाजवणे यांचा वापर विनासंकोच करा. श्रोत्यांना संगीत ऐकू येते, तुमच्या पंजाचा ताण ऐकू येत नाही. आणि ऐकू आला, तर तो वाईटच ऐकू येतो.

दुखण्याचे दुसरे कारण काम वाढवण्याच्या वेगाचे आहे. मेंदू एखादी उडी आठवड्याभरात शिकतो, पण कंडरा आणि तिचे आवरण वाढलेल्या कामाशी जुळवून घ्यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतात. ‘आता जमायला लागले’ असे वाटते त्याच आठवड्यात हात सर्वांत जास्त धोक्यात असतो, कारण जमू लागले की आपण तो भाग पुन्हा पुन्हा, पूर्ण वेगात, आनंदाने वाजवतो. पियानोचे थोर रचनाकार शोपँ यांच्या शिष्यांच्या आठवणींत असे आढळते की शोपँ दिवसाला तीन तासांहून जास्त सराव करण्याला नाराज असत. तीन हा आकडा पवित्र नव्हे. पण तुम्हाला तो पुरत होता आणि तुम्ही सात वर्षे त्याच्यावर उत्तम वाजवत होता, ही गोष्ट तुमच्याच पत्रात आहे.

मी स्वतः हे ऐकले नव्हते. तिशीच्या आसपास माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, तेव्हा एक मैफल तोंडावर होती. मी मनगटाला पट्टी गुंडाळून वाजवले. मैफल चांगली झाली, लोकांनी भेटून कौतुक केले, आणि त्यानंतर तीन महिने मला दाराच्या कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती. त्या तीन महिन्यांत जी कामे गेली ती त्या एका मैफलीच्या मानाने पुष्कळ होती. त्याहून जास्त दुःख या गोष्टीचे आहे की ज्यांना मी आधी सांगायला हवे होते त्यांना मी सांगितलेच नाही, आणि नंतर सांगितले तेव्हा प्रत्येकजण म्हणाला, ‘आधी बोलला असतात तर कार्यक्रम बदलला असता.’

आता पुढच्या सहा आठवड्यांविषयी. डॉक्टर वेगळे काही सांगेपर्यंत पहिला आठवडा-दहा दिवस उजव्या हाताने काहीच वाजवू नका, आणि डाव्या हातावर सगळा भार टाकून त्यालाही आजारी पाडू नका. या काळात संगीत मात्र थांबवायचे नाही. स्वरलिपी मांडीवर घेऊन, वाद्यापासून दूर बसून, संपूर्ण रचना मनात वाजवा. कोणते बोट, कोणता श्वास, कुठे हात सैल सुटतो, हे सगळे त्यात असू द्या. याला मनाची समजूत समजू नका. मेंदूशास्त्रज्ञ पास्क्वाल-लिओने यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच बोटांचा साधा पियानोपाठ पाच दिवस, रोज दोन तास, काहींनी प्रत्यक्ष वाजवून आणि काहींनी केवळ कल्पनेत गिरवला. कल्पनेत गिरवणाऱ्यांच्या मेंदूतही त्या बोटांच्या भागात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखाच बदल दिसला. वाजवण्यात ते किंचित मागे होते, पण एकदाच दोन तास प्रत्यक्ष सराव केल्यावर त्यांनी ते अंतर भरून काढले. तुमच्या जुन्या रचना तर तुमच्या बोटांत आधीच आहेत. दहा दिवसांच्या विश्रांतीने त्या जाणार नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सुरुवात पाच मिनिटांनी करा, दिवसातून दोनदा, सोप्या आणि हळू सुरावटींनी, ऑक्टेव्ह आणि मोठे कॉर्ड पूर्ण वगळून. रात्री आणि सकाळी हात शांत राहिला तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बैठकीत पाच मिनिटे वाढवा. दुखले तर आधीच्या पायरीवर या. हे वाढवणे तुम्हाला असह्य हळू वाटेल, हे मला माहीत आहे; माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे पुन्हा दुखणे घेऊन आले, ते बहुतेक चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून तासभर बसलेले होते. पुढे तास वाढले तरी एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सलग वाजवू नका, मध्ये उठून चाला, खांदे सोडा. अवघड ओळ वीस वेळा सलग वाजवण्यापेक्षा दिवसभरात चार वेळा तिच्याकडे परत या. वेग आणि जोर हे दोन्ही एकाच दिवशी वाढवू नका.

बसण्याकडेही लक्ष द्या. बाकाची उंची अशी असावी की खांदे न उचलता कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येतील, आणि बाक इतके मागे असावे की कोपर शरीराच्या थोडे पुढे, मोकळे राहील. कोपर फार वाकलेले राहिले तर तुमच्या त्याच नसेवर ताण येतो. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड अगदी खुजी खुर्ची वापरत आणि तरीही अप्रतिम वाजवत, हे उदाहरण विद्यार्थी मला नेहमी देतात; त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या हातांच्या अडचणींची पाने भरभरून नोंद ठेवली होती, हेही त्यांना सांगावे लागते.

पत्रात तुम्ही शिकवणे आणि साथ करणे यांचा उल्लेख सहज केला आहे, पण हाताला तो सहज वाटत नाही. साथीची तालीम, विद्यार्थ्याला बाजूने वाकून वाजवून दाखवणे, फोन कानाशी धरून बोलणे, झोपताना हात दुमडणे, संगणकावर टंकलेखन करणे हे सगळे त्याच एका हाताच्या खात्यात जमा होते. या सहा आठवड्यांत विद्यार्थ्यांना गाऊन आणि बोलून शिकवा. फोन स्पीकरवर ठेवा. झोपताना कोपराभोवती मऊ टॉवेल सैलसा गुंडाळला तर ते पूर्ण दुमडले जात नाही. हा उपाय डॉक्टरांना विचारून करा.

मैफल झालीच, तर त्या दिवशीच्या दोन गोष्टी आधीच ठाऊक असू द्या. व्यासपीठावर भीतीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हात गार पडतात, म्हणून वाजवण्याआधी कोमट पाण्यात हात धरा आणि हातमोजे घाला. त्याच भीतीने आपण घरी वाजवतो त्यापेक्षा जोर जास्त लावतो. त्यातून तो पियानो आपला नसतो. व्हायोलिनवादक आपले वाद्य बरोबर नेतो, आपल्याला मात्र जो पियानो तिथे असेल त्याच्याशी तासाभरात ओळख करून घ्यावी लागते, आणि त्याच्या पट्ट्या तुमच्या पियानोपेक्षा जड असू शकतात. दुपारच्या चाचणीत संपूर्ण कार्यक्रम पूर्ण जोराने वाजवून पाहण्याचा मोह टाळा. चाचणी पियानोची घ्यायची आहे. थरथर थांबवण्याच्या गोळ्यांबद्दल सहकलाकारांकडून ऐकले असेल, तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. दम्यासारख्या विकारांत त्या धोकादायक ठरू शकतात.

आयोजकांची भीती ही तुमच्या पत्रातली सर्वांत खरी भीती आहे आणि मी ती लहान करून दाखवणार नाही. काही आयोजक खरोखर पुन्हा बोलावत नाहीत. पण माझा अनुभव असा की त्यांना सर्वांत जास्त अडचण होते ती दोन दिवस आधी येणाऱ्या नकाराची. सहा आठवडे आधी आलेला कार्यक्रमातला बदल त्यांच्या लेखी रोजचे काम असते. छापील कार्यक्रमपत्रिकाही अजून गेलेली नसते. त्यांना दुखण्याचा सगळा इतिहास सांगण्याची गरज नाही. ‘मैफलीच्या उत्तरार्धातील रचना बदलून तिच्या जागी पुढील रचना सादर करीत आहे’ एवढे लिहा आणि बदललेला क्रम जोडा. बदली म्हणून जे निवडाल ते तुमच्या हातात दोन वर्षांपूर्वीपासून मुरलेले असावे, त्यात सलग ऑक्टेव्ह नसावेत, आणि वेगवान भागांच्या मध्ये संथ भाग असे यावेत की हाताला श्वास घ्यायला जागा मिळेल. एकूण वेळ दहा मिनिटांनी कमी झाला तरी चालेल. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला तुम्ही तो संपूर्ण कार्यक्रम दोन दिवस लागोपाठ, मध्यम जोराने, रात्री न दुखता वाजवू शकलात, तर मैफल करा. नाही जमले, तर त्या दिवशीच आयोजकांना फोन करून तारीख पुढे नेण्याची विनंती करा. तेव्हाही त्यांच्या हातात जवळजवळ दोन आठवडे असतील.

गुरूंना मात्र पत्राने किंवा फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. त्यांच्या पिढीला कोणी विचारलेच नाही की दुखते आहे का. कदाचित त्यांचाही हात दुखत आला असेल आणि तो न सांगता त्यांनी इतकी वर्षे काढली असतील. डॉक्टरांचा अहवाल हाती आला की तो घेऊन त्यांच्याकडे जा, आणि ऑक्टेव्हचा तो भाग त्यांना एका हाताने, अगदी हळू, प्रत्येक स्वरानंतर हात सैल सोडून वाजवून दाखवायची विनंती करा. त्यांचे मनगट त्या वेळी काय करते ते जवळून पाहा. तपासणीत काय निघाले ते मला जरूर कळवा. नसेचा काही प्रश्न आढळला, तर वर दिलेल्या दिवसांच्या हिशेबाऐवजी डॉक्टर सांगतील तोच हिशेब धरा.